घाटेअळीचे मारेकरी

सकाळी साडेआठला आण्णासाहेब पडवळ जिना चढून वर आले. त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेली बाटली होती. बंडप्पा शेटेनं मान वर न करताच डावीकडच्या टेबलाकडं बोट दाखवलं.

"लघवी तिकडं ठेवा. नाव-गाव चिठ्ठीवर लिहा."

"लघवी न्हाय," आण्णासाहेब म्हणाले. "खून झालाय."

"मग रक्त असेल. रक्त उजवीकडं."

आण्णासाहेब जिथं होते तिथंच उभे राहिले. पाहुणा चुकलेला नाही, हे बंडप्पाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. चूक बंडप्पाचीही नव्हती. उस्मानाबादच्या त्या गल्लीतल्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'ओव्हाळ पॅथॉलॉजी : रक्त, लघवी, थुंकी तपासणी' असं होतं, आणि 'खासगी चौकशीची कामेही घेतली जातील' हे त्याखाली इतक्या बारीक अक्षरांत होतं की ते वाचायलाही सूक्ष्मदर्शक लागला असता.

जाईबाई ओव्हाळ सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काम करून निवृत्त झाल्या होत्या. नमुन्यावरून माणूस ओळखायची सवय लागली, ती निवृत्तीनंतर सुटली नाही. बंडप्पाचा टायपिंगचा क्लास शेजारच्याच खोलीत. तो बाईंचे अहवाल टाइप करून द्यायचा, त्यांच्याबरोबर गावोगाव जायचा, आणि प्रत्येक प्रकरणात जो माणूस पहिल्यांदा भेटेल त्याच्यावर संशय घ्यायचा. आतापर्यंत तो एकदाही बरोबर आला नव्हता. त्याचा उत्साह मात्र कमी झाला नव्हता.

"कोण मेलं?" आतून येत जाईबाईंनी विचारलं.

"अळ्या. हरभऱ्यावरच्या घाटेअळ्या."

"किती?"

"मोजल्या न्हाईत. लाखभर असत्याल."

जाईबाई खुर्चीत बसल्या. "घाटेअळी मेली तर शेतकरी पेढे वाटतो, आण्णासाहेब. तुमची तक्रार काय?"

"तक्रार न्हाय. कुणी मारल्या तेवढं हुडकून द्या. तिघं जण कबूल झाल्यात."

"तिघं?"

"व्हय. अन् तिघांनी तीन तऱ्हेनं मारल्यात. मला एकच खरा पायजे."

मग त्यांनी बसून सगळं सांगितलं. आण्णासाहेब येडशीजवळच्या करंजेवाडीच्या सेवा सोसायटीचे चेअरमन. दुष्काळाचं दुसरं वर्ष. खरीप हातचं गेलेलं. परतीच्या दोन सरींवर गावानं सातशे एकर हरभरा पेरला, तो कसाबसा घाट्यावर आला, आणि त्यावर अळी पडली. आठवड्याभरात घाटे पोकळ होऊ लागले. आणि काल, मंगळवारी सकाळी, आण्णासाहेबांच्या पाच एकरांतल्या विहिरीकडच्या अर्ध्या एकरात सगळ्या अळ्या मेलेल्या सापडल्या. बाकीच्या साडेचार एकरांत जिवंत.

"आज चारला सोसायटीची बैठक हाय. सातशे एकराला काय मारायचं ते ठरायचंय. चुकीचं ठरलं तर आठ दिवसांत गावाला हरभऱ्याचा दाणा दिसायचा न्हाय."

"तिघांनी काय काय केलं?"

"शनिवारी आबारावनं पावडर धुरळली. तो कंपनीचा एजंट. रविवारी दगडोबा देवऋषीनं अंगारा टाकून रिंगण घातलं. सोमवारी माझ्या सालगड्यानं, श्रीपतीनं, तंबाखूचं पाणी मारलं. अन् मंगळवारी सकाळी मेलेल्या अळ्यांची ही बाटली भरली."

जाईबाईंनी बाटलीतल्या फुटलेल्या अळ्यांच्या रसाचा एक थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि बराच वेळ पाहिलं. मग बंडप्पाला बोलावलं.

बंडप्पानं डोळा लावला. पेशी फुगून तट्ट झालेल्या होत्या. प्रत्येकीच्या पोटात चकचकीत दाणे ठासून भरलेले, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे, कोपरे असलेले.

"साखर खाऊन मेल्या," बंडप्पा म्हणाला.

जाईबाईंनी धुण्याच्या सोड्याचं पाणी केलं आणि त्याचा थेंब काचेच्या कडेनं सोडला. थोड्या वेळानं बंडप्पाला पुन्हा पाहायला लावलं. दाणे वितळून गेले होते.

"हं," जाईबाई म्हणाल्या.

हा 'हं' बंडप्पाच्या ओळखीचा होता. त्यानंतर काहीही विचारलं तरी उत्तर मिळत नसे.

"येळवस कशी झाली?" जाईबाईंनी अचानक विचारलं.

आण्णासाहेबांचा चेहरा फुलला. गेल्या बुधवारी येळवस, म्हणजे वेळ अमावास्या होती. जिल्ह्यात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. विहिरीपाशी कडब्याची कोप केली होती आणि साखर कारखान्याचे दोन डायरेक्टर पालेभाज्या-कडधान्यांची भज्जी जेवायला आले होते.

"भज्जी अशी झाली व्हती बाई, की डायरेक्टरसाहेबांनी तीनदा मागून घेतली. म्हणाले, ह्या भज्जीला काहीतरी येगळीच चव हाय. त्यांच्याजवळून मला उठता येईना. दिवस कलायला लागला तरी शेतात आंबील शिंपायची राहिली. मग आमच्या घरातल्यांनीच बादली घेतली अन् कोपीभवतीनं शिंपून आल्या."

"घरातल्यांनी म्हणजे?"

"कस्तुराबाईंनी. मंडळींनी." आण्णासाहेब धोतराचा सोगा सावरत उठले. तेव्हा बंडप्पाच्या मनात आलं की चेअरमन माणसाच्या मानानं धोतर जरा पिवळटच आहे. त्याची नजर आण्णासाहेबांनी टिपली आणि ते ओशाळले.

"घरातली नीळ संपलीय म्हणं. पुडा आणला व्हता नवा, कुठं गेला कुणाला ठाऊक."

जिना उतरताना बंडप्पा बाईंच्या कानाशी लागला. "चेअरमनच आहे. स्वतःच मारल्या अन् आता नाव करून घ्यायला आपल्याला बोलावतोय."

"असेल," जाईबाई म्हणाल्या. "पिशवीत पांढरा रुमाल घ्या. आणि भिंग."

येडशीपर्यंत एसटी आणि पुढं बैलगाडी. अकराच्या सुमाराला तिघं शेतावर पोचले.

मेलेल्या अळ्या पाहायला वाकावं लागलं नाही. त्या झाडांच्या अगदी शेंड्यांवर होत्या, मागच्या पायांनी धरून, डोकं खाली करून लोंबत. अंग काळपट, कातडी पातळ. जाईबाईंनी एकीला काडी लावली तर ती फुटली आणि पांढुरका रस गळला.

साळुंक्यांचा एक थवा त्याच अळ्या मजेत टिपत होता. खाली काळे मुंगळे मेलेल्या ओढून नेत होते. मुंगळ्यांची एक रांग तर अळी नसलेल्याच एका झाडावर चढत होती आणि पानं चाटत होती.

जाईबाईंनी त्या पानावरून पांढरा रुमाल फिरवला. रुमालावर फिकट निळा डाग उमटला. शेजारच्या पानांवरही तसेच थेंब वाळलेले होते, कुठं चिंचोक्याएवढे, कुठं ओघळलेले.

"पंपाचा फवारा असा पडतो का, बंडप्पा?"

"पंप खराब असेल," बंडप्पा म्हणाला.

आबाराव बांधावर वाट पाहत उभा होता. टेरिलीनचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात पावडरीचा डबा. प्रश्न विचारायच्या आधीच त्यानं कबुली दिली.

"आपणच मारल्या. लिहून घ्या. शनिवारी सकाळी, पाचच्या पाच एकरांत धुरळली."

"मग अर्ध्याच एकरात का मेल्या?"

"वारं होतं ना बाई. सगळी पावडर विहिरीकडं वाहत गेली."

जाईबाईंनी विहिरीकडं पाहिलं. ती मावळतीला होती. मग त्यांनी उगवतीच्या बांधाकडं पाहिलं. तिथल्या बोरी-बाभळी खालपासून वरपर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या. बंडप्पाही तिकडं पाहत होता. दुष्काळातसुद्धा बाभळीला काय फुलोरा आलाय, असं त्याला वाटलं.

दगडोबा देवऋषी कोपीच्या सावलीत बसला होता. कपाळभर भंडारा. तोही नाकारत नव्हता.

"रविवारी सात फेरे घातले. देवीनं मारल्या म्हणा, माझ्या हातानं मारल्या म्हणा. दोन्ही एकच."

"रिंगण पाचही एकरांना घातलं?"

"व्हय."

"बाकीच्या साडेचार एकरांत का मेल्या नाहीत मग?"

दगडोबानं थोडा विचार केला. "तिकडच्या अळ्या तेवढ्या भाविक न्हाईत."

बंडप्पाला हे उत्तर पटण्यासारखं वाटलं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

श्रीपती विहिरीपाशी, मोटेच्या बैलांच्या धावेवर उभा होता, टोपी हातात घेऊन. चाळिशीचा, हाडकुळा माणूस. त्याची कबुली सगळ्यांत हळू आवाजात आली.

"म्याच मारल्या, बाई. सोमवारी दुपारी. तंबाखू रातभर भिजत घातली व्हती. पाणी थोडंच झालं म्हणून इहिरीकडंच मारलं."

बंडप्पानं बाईंना कोपरानं ढोसलं. अर्धा एकर, तोही विहिरीकडचा. हिशोब जुळत होता.

"पाडव्याला साल संपतंय का तुमचं?" जाईबाईंनी विचारलं.

श्रीपतीनं मान हलवली. "यंदा गडी ठिवायचा का न्हाय, मालक सांगत न्हाईत. म्हणलं, काहीतरी करून दाखवावं."

"मारताना अळ्या काय करत होत्या? पळत होत्या? पानाखाली लपत होत्या?"

"न्हाय, लई गुणाच्या. सगळ्या शेंड्यावर चढून बसल्या व्हत्या. हलत बी न्हवत्या. म्हणून तर मारायला सोपं गेलं."

जाईबाई त्याच्याकडं जरा मायेनं पाहत राहिल्या. "तुम्ही खरं बोलता, श्रीपती," त्या म्हणाल्या. "तुमच्या कबुलीपेक्षा ते बरं आहे."

बंडप्पाला वाटलं, प्रकरण मिटलं.

जेवायला आण्णासाहेबांच्या घरी जायचं होतं. न्हाणीपाशी बंडप्पानं एका सपाट दगडावर उभं राहून पाय धुतले. जाईबाईंची पाळी आली तेव्हा त्या दगडाशीच थांबल्या. वाकून त्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"हा तर पाटा आहे."

"व्हय," आण्णासाहेब म्हणाले. "येळवस झाली तशी मंडळींनी नवाच आणला बाजारातून. बायकांचं काय असतं, आपल्याला कळत न्हाय."

"टाकीचे टाके अजून रुतताहेत याचे. दहा वर्षं चालला असता."

जाईबाई ओसरीवर टेकणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात एक बाई आली. पन्नाशीची, ठेंगणी, काष्टा घट्ट मारलेला. "बाहेर का बसता? आत या की," ती म्हणाली. आण्णासाहेबांनी एकदा जाईबाईंकडं, एकदा उंबऱ्याकडं पाहिलं आणि काहीतरी बोलायचं टाळून ते खांबाकडं वळले. जाईबाई सरळ आत गेल्या. त्यांच्यामागं बंडप्पा.

आत कोनाड्यात रेडिओ होता. शेजारी नव्या सेलचं रिकामं खोकं. जाईबाई चुलीजवळच्या पाटावर बसल्या.

"रेडिओ इथं कसा? घरात पुरुषमाणसाच्या उशाला असतो तो."

"दुपारच्याला हे सोसायटीत असत्यात. मग म्या ऐकते," कस्तुराबाई म्हणाल्या.

"काय ऐकता?"

"गाणी." त्यांनी भाकरी थापायला घेतली. "आणखी काय ऐकणार?"

"अळ्या मेल्यात त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतंय त्यातलं." थापण्यात खंड पडला नाही. "म्या काय बी केलं न्हाय."

तुम्ही केलं का, असं बाईंनी विचारलंच नव्हतं. हे बंडप्पाच्या ध्यानात आलं नाही, कारण त्याच वेळी ताटात चटणी पडली होती. त्यानं ती दोनदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर त्याला पान आणायला बाहेर पाठवण्यात आलं. तो परत आला तेव्हा स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं आणि आतून दोन बायकांचं हलकं बोलणं ऐकू येत होतं. एकदा तर हसण्यासारखंही काही ऐकू आलं.

चार वाजता ओसरीवर सोसायटीचे वीस-बावीस सभासद जमले. आबारावनं पावडरीचा डबा मधोमध ठेवला होता. दगडोबा भिंतीला टेकून. श्रीपती खाली अंगणात. कस्तुराबाई आतल्या दाराच्या चौकटीआड. आण्णासाहेबांनी घसा साफ केला. "बाई, सांगा आता."

जाईबाई उभ्या राहिल्या.

"तुमच्याकडं तीन कबुल्या आहेत, आणि तिन्ही खोट्या. श्रीपतीचीही, पण त्यांना स्वतःला ती खरी वाटते."

आबारावनं तोंड उघडलं. जाईबाईंनी हातानं त्याला थांबवलं.

"पावडर विषारी आहे. त्या विषानं अळी मेली असती तर ती खाऊन साळुंक्या आणि मुंगळे सुखात राहिले नसते. वारा विहिरीकडं होता म्हणता, तर पावडर उलट्या बांधावरच्या बाभळींवर कशी बसली? विहिरीकडं तुमची पावडर जवळजवळ पोचलीच नाही."

बंडप्पाला फुलोरा आठवला. तो वहीत बघत बसला.

"दगडोबांचं रिंगण पाच एकरांना होतं, मरण अर्ध्या एकराला. त्याबद्दल ते देवीशी बोलतील."

दगडोबानं मान डोलावली, जणू ठरलेलंच होतं.

"राहिले श्रीपती. जागा जुळते, पण वेळ जुळत नाही. त्यांनीच सांगितलं, की सोमवारी त्यांनी पाणी मारायच्या आधीच अळ्या शेंड्यावर चढून निश्चल बसल्या होत्या. धडधाकट घाटेअळी दुपारी उन्हात शेंड्यावर जाऊन बसत नाही, ती घाट्यात डोकं घालून खात असते. म्हणजे मारेकऱ्याचा हात सोमवारच्या बराच आधी फिरला होता."

"कुणाचा?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"आधी हत्यार सांगते." जाईबाईंनी बाटली वर धरली. "आमच्या दवाखान्यात पिसाळलेल्या कुत्र्याचा मेंदू तपासायला यायचा. मेंदूच्या पेशीत तांबूस गाठोडी दिसली की कुत्रं पिसाळलेलं, हे नक्की. विषाणू पेशीत शिरला की तिच्या पोटात असा माल साठतो. या अळ्यांच्या पेशींतही मला गाठोडी दिसली, कोपरेदार, चमकणारी, खच्चून भरलेली. अळ्यांना विषबाधा झालेली नाही. त्यांना रोग झालाय."

ओसरीवर कुजबुज झाली. एक म्हातारा सभासद जरा मागं सरकला.

"घाबरू नका. हा रोग फक्त या अळीचा. त्याचा विषाणू स्वतःला प्रथिनाच्या गाठोड्यात बांधून घेतो आणि पानावर पडून राहतो. अळीनं पान खाल्लं की तिच्या आतड्यात गाठोडं सुटतं, कारण तिचं आतडं सोड्यासारखं अल्कधर्मी असतं. मी सोड्याचा थेंब टाकला तेव्हा ते दाणे विरघळले, ते याचमुळं. मग रोग अंगभर पसरतो, अळी शेंड्यावर चढते, उलटी लोंबते आणि फुटते. तिच्यातून गळलेली लाखो गाठोडी खालच्या पानांवर. या सगळ्याला पाच-सहा दिवस लागतात."

"मंगळवारातून सहा गेले," एक सभासद बोटं मोजत म्हणाला, "म्हंजी बुधवार. येळवस."

"बरोबर. येळवशीला दिवस कलताना विहिरीकडच्या कोपीभवती कुणीतरी काहीतरी शिंपलं, पन्नास माणसांच्या डोळ्यांदेखत. त्या दिवशी आंबील शिंपतातच, म्हणून कुणी पाहूनही पाहिलं नाही. पण पानांवरचे थेंब निळे आहेत. आंबील निळी नसते. मुंगळे ती पानं चाटताहेत, म्हणजे त्यात गूळ आहे. थेंब मोठे, ओघळलेले, म्हणजे पंप नाही, बादली आणि डहाळी. गूळ अळीनं आवडीनं खावं म्हणून. नीळ उन्हापासून विषाणू वाचावा म्हणून. आणि वेळ संध्याकाळची, त्याच कारणानं. हे माहीत असलेला माणूस दुपारी रेडिओवर शेतीची भाषणं नीट ऐकत असणार."

आण्णासाहेबांची नजर हळूहळू स्वतःच्या पिवळट धोतरावर गेली. तिथून ती आतल्या दाराकडं गेली.

"तुम्ही साऱ्या गावाला विचारलंत," जाईबाई म्हणाल्या. "घरात विचारलं नाहीत."

कस्तुराबाई चौकटीतून पुढं आल्या. पदर सावरला. आवाज मात्र ठाम होता.

"विद्यापीठाचे एक साहेब बोलले व्हते रेडिओवर. दोनदा लागलं ते भाषण. बांधावरच्या तुरीला ढगाळीत अशा अळ्या लोंबलेल्या व्हत्या. त्या गोळा केल्या. वाटून, गाळून, पाण्यात कालवल्या. रस अर्ध्या एकरापुरताच झाला."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं व्हतं. तुम्ही म्हणाला, रेडिओ बातम्यासाठी असतो."

कुणीतरी खोकल्यात हसू दाबलं. जाईबाईंनी बोलणं आवरतं घेतलं. "परदेशात आता जंतूंच्या पोटात माणसाच्या कामाची औषधं करून घेतात, म्हणे. साखरेच्या रोग्याचं इन्सुलिनसुद्धा. तिथंही तो माल अशीच गाठोडी होऊन साठतो आणि मग सोडवून घ्यावा लागतो, असं मासिकात वाचलं. गाठोडं कुणाच्या हातात आहे, यावर रोग की औषध ते ठरतं. माझं काम संपलं."

सगळं छान जुळलं होतं. बंडप्पाला मात्र एक गोष्ट राहिल्यासारखी वाटली, आणि राहिलेली गोष्ट विचारायची हा त्याचा स्वभाव होता.

"पण बाई," तो मोठ्यानं म्हणाला, "एवढ्या अळ्या वाटल्या कशावर?"

जाईबाईंनी डोळे मिटून घेतले. कस्तुराबाई खाली पाहू लागल्या.

आण्णासाहेबांनी न्हाणीकडं पाहिलं. पाय धुवायच्या दगडाकडं पाहिलं. मग ते बायकोकडं वळले.

"भज्जीचं वाटण?"

"राखेनं तीनदा घासला व्हता," कस्तुराबाई म्हणाल्या. "वरून कढत पाणी. पण मनाला बरं वाटंना, म्हणून मागनं नवा आणला. अळ्या नासायला लागल्या व्हत्या, थांबता येत न्हवतं. वरवंटा बी दुसरा घेतला."

"डायरेक्टरसाहेबांनी तीनदा मागून घेतली," आण्णासाहेब स्वतःशीच म्हणाले.

"मुंगळ्यांनीही खाल्लं, साळुंक्यांनीही," जाईबाई शांतपणे म्हणाल्या. "कुणाला काही झालं नाही. डायरेक्टरांनाही होणार नाही."

बंडप्पाला दुपारची चटणी आठवली. ती नव्या पाट्यावरची होती, हे त्यानं मनात तीन-चार वेळा घोकलं.

आण्णासाहेब सावरून बसले. मग ते चेअरमनच्या आवाजात म्हणाले, "ही गोष्ट कारखान्यावर जाता कामा नये. तसा ठराव मांडतो." ठराव एकमतानं मंजूर झाला. आबारावनं आपला डबा उचलला आणि शेवटच्या एसटीचं निमित्त काढून तो निघून गेला.

मग कामाचं ठरलं. उद्या उजाडायच्या आत विहिरीकडच्या साऱ्या अळ्या गोळा करायच्या. सारं गाव अळ्या वाटायला बसणार, तर वडाराकडून दगड निराळे घ्यायचे. कुठं, किती, कसं, हे कस्तुराबाई सांगतील आणि श्रीपती त्यांच्या हाताखाली राहील. पाडव्यानंतरही राहील, असं आण्णासाहेब जाता जाता बोलून गेले. श्रीपतीनं टोपी डोक्यावर घातली.

"तुझा सत्कार करू सोसायटीत," आण्णासाहेब बायकोला म्हणाले. "शाल, श्रीफळ."

"शाल हाय मला," कस्तुराबाई म्हणाल्या. "मला सभासद करून घ्या."

आण्णासाहेबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "सभासद व्हायला नावावर जमीन लागती."

"दीड एकर हाय की. जमिनीच्या सिलिंगच्या कायद्याच्या वक्ताला तुम्हीच केली माझ्या नावावर."

"ते कागदावरचं झालं."

"सभासद बी कागदावरच व्हत्यात."

सभासदांतला म्हातारा, मघाशी मागं सरकलेला, आता पुढं सरकला. "लिव्हा हो चेअरमन," तो म्हणाला. "उद्या वाटायला आमच्या सुना बी हिच्याच हाताखाली जाणार हाईत."

सेक्रेटरीनं छापील अर्ज काढला. त्याचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून अर्ज बंडप्पाकडं आला. बंडप्पानं मांडी घालून वही खाली घेतली आणि पेनाचं टोपण काढलं. नाव लिहिलं. नवऱ्याचं नाव लिहिलं. गाव, तालुका लिहिला. पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"व्यवसाय?" त्यानं विचारलं.

"घरकाम लिव्हा," आण्णासाहेब म्हणाले.

कस्तुराबाई चौकटीतून ओसरीवर आल्या, बंडप्पासमोर खाली बसल्या आणि त्यांनी त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"शेती," त्या म्हणाल्या.

बंडप्पानं एकदा चेअरमनकडं पाहिलं, एकदा जाईबाईंकडं. मग त्यानं सुवाच्य अक्षरात तेच लिहिलं.